हर्णैच्या जुन्या चिऱ्याच्या घराची दुरुस्ती: भिंतीतला क्षार, सिमेंटचा गिलावा आणि झुकलेले धुराडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. हर्णै येथे आजोबांनी बांधलेले, सुमारे ९० वर्षांचे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे (तासलेल्या ठोकळ्यांचे) घर आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्याची कौले उडाली. त्यानंतर घाईने छप्पर शाकारून समुद्राच्या अंगाच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्यात आला. आता तो गिलावा जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंत फुगून सुटत आहे, त्याच्यामागून पांढरी पूड निघते आणि चिऱ्याचा भुगा हाताला लागतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या भिंतीतून वर गेलेले विटांचे धुराडे छपरावरच्या साडेचार फुटांत २ इंच झुकले आहे, त्याच्या बुडाशी पाणी गळते आणि खालच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. ठेकेदाराने सुचवलेला उपाय असा की, जलरोधक रसायन घातलेला नवा सिमेंट गिलावा करावा, त्यावर रबरासारखा पापुद्रा धरणारा रंग द्यावा आणि धुराडे चहूबाजूंनी सिमेंटने लिंपून लोखंडी पट्ट्यांनी आवळावे. हे करावे का?

करू नये. ठेकेदाराचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. नव्या काँक्रीटच्या इमारतीला लागू पडणारा उपाय तो ९० वर्षांच्या घराला लावत आहे, आणि आपल्या भिंतींचे आजचे दुखणे त्याच उपायाच्या मागच्या हप्त्यातून आलेले आहे.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून निघताना तो इतका मऊ असतो की हत्याराने तासता येतो, आणि उघड्यावर राहिल्यावर घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये मलबारातील अंगाडिपुरम येथे याच दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. तेथील लोक त्याचा विटेसारखाच उपयोग करतात, हे त्याने पाहिले होते. जुन्या बांधकामात असे चिरे मातीच्या गाऱ्यात किंवा चुन्यात बसवलेले असत. अशी भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि पुढचे आठ महिने ते हळूहळू दर्जांमधून (चिऱ्यांमधल्या सांध्यांमधून) व चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर टाकते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर या भिंती टिकल्या, त्या कोरड्या राहिल्या म्हणून टिकल्या नाहीत. त्यांना सुकायला वाट होती म्हणून टिकल्या.

सिमेंटचा गिलावा ती वाट बुजवतो. तो चिऱ्यापेक्षा कितीतरी कडक असल्यामुळे भिंतीबरोबर हलत नाही, त्याला केसासारख्या भेगा पडतात, त्या भेगांतून झडीचे पाणी आत शिरते आणि आत शिरलेले पाणी बाहेर पडायला मात्र तेवढा मार्ग राहत नाही. मग ओल वर चढते. पूर्वी दीड-दोन फुटांवर थांबणारी ओल गिलाव्यानंतर साडेतीन फुटांवर का गेली, याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते.

तरीही चिऱ्याचा भुगा पाण्याने होत नाही, तो मिठाने होतो. समुद्राकडून येणारे तुषार, जमिनीतील खारे पाणी आणि खाडीची न धुतलेली वाळू या तिन्हींतून मीठ भिंतीत येते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर असली की हे मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळलेले राहते, आणि आर्द्रता त्याखाली गेली की त्याचे स्फटिक होतात. स्फटिक वाढताना दगडाच्या छिद्रांच्या भिंतींवर आतून दाब देतात आणि दगड पुडीपुडीने सुटतो. पावसाळाभर हवा दमट असते, म्हणून मीठ निमूट असते. दिवाळीनंतर कोरडे वारे सुरू झाले की ते कामाला लागते. आपला गिलावा भर पावसात पडला नसेल, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पडला असेल, असा माझा अंदाज आहे. या काळात ‘भिंत आता वाळली’ असे म्हणून लोक रंग काढतात, आणि तो रंग पुढच्या वर्षी पापुद्र्यासारखा सुटतो.

येथे एक गोष्ट ओघात सांगतो, कारण चुन्याचे भक्त ती हमखास चुकीच्या अर्थाने सांगतात. जंजिऱ्याच्या तटात काही ठिकाणी काळा दगड झिजून आत गेला आहे आणि चुन्याच्या दर्जा जाळीसारख्या पुढे उभ्या आहेत. ‘बघा, जुना चुना दगडापेक्षा भारी’ असे कौतुकाने सांगितले जाते. किल्ल्याच्या कित्येक हात जाड तटाला ते परवडते. दीड फुटाच्या घराच्या भिंतीला परवडत नाही. घराच्या भिंतीत दर्जेने आधी झिजावे आणि चिरा वाचवावा, कारण दर्जा पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा भरता येते, चिरा बदलणे मात्र जिकिरीचे असते. म्हणून आम्ही दर्जेचा माल मुद्दाम चिऱ्यापेक्षा मऊ ठेवतो.

आता कामाचा क्रम. भिंतीला हात लावण्याआधी पाणी कुठून येते ते पाहावे. ओल जमिनीलगत दोन फुटांतच असेल, तर ते पागोळ्यांचे उडालेले शिंतोडे असण्याची शक्यता जास्त. साडेतीन फुटांवर आडवी रेघ धरून पांढरी पूड असेल, तर जमिनीतून चढणारी ओल. आणि वरून खाली ओघळ असतील, तर कौले, पन्हळ किंवा धुराड्याचे बूड. आपल्याकडे पहिली दोन्ही कारणे एकत्र दिसतात. अंगणात गेल्या काही वर्षांत कोबा किंवा पेव्हर ब्लॉक घातले आहेत का आणि त्यामुळे जमिनीची पातळी जोत्याच्या वर आली आहे का, हे आधी तपासावे. तसे असेल तर भिंतीलगतचा दोन फूट रुंदीचा पट्टा उखडून, जमीन जोत्याच्या माथ्यापासून निदान ६ इंच खाली न्यावी, त्यात खडी भरावी आणि घरापासून दूर उतार द्यावा. हे एक काम केल्यावर पुढच्या दोन पावसाळ्यांत ओलीची रेघ आपोआप खाली आलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. पावसाळ्यापूर्वी नैऋत्येच्या भिंतीला झाप (माडाच्या झावळ्यांचे विणलेले तट्टे) बांधण्याची जुनी रीत गरिबीची खूण म्हणून मोडीत निघाली. वास्तविक झडीपासून भिंत वाचवण्याचा तितका स्वस्त उपाय दुसरा नाही.

त्यानंतर सिमेंटचा गिलावा काढायचा. तो छिन्नीने, हलक्या हाताने, कडेकडेने सोडवत काढावा. जेथे तो चिऱ्याला घट्ट चिकटला आहे आणि ओढल्यास चिऱ्याचा पृष्ठभाग घेऊन येईल, तेथे तेवढा तुकडा राहू द्यावा. ड्रिल मशिनचा हातोडा किंवा दर्जा कोरण्यासाठी ग्राइंडर वापरू देऊ नये. ग्राइंडरचे पाते दर्जेत सरळ चालत नाही, ते दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या कडा खाते आणि त्या कडा परत येत नाहीत. गिलावा निघाल्यावर भिंत कोरड्या कुंच्याने झाडून पडलेली पूड गोळा करून घरापासून लांब टाकावी, कारण ती पूड म्हणजे मीठच आहे. पाण्याने धुण्याचा मोह होतो, पण त्याने मीठ पुन्हा आत जाते.

यानंतर भिंतीला काही महिने उघडे ठेवावे लागते, आणि घरमालकांना हाच टप्पा सर्वांत अवघड जातो. ऑक्टोबरमध्ये गिलावा काढला, तर शक्य असल्यास फेब्रुवारीपर्यंत खालच्या चार फुटांना काहीही लावू नये. मिठाचे प्रमाण फार असेल, तर एक भाग चुना आणि चार भाग भरड वाळू असा अगदी अशक्त गिलावा पातळ थापावा. तो मीठ स्वतःत ओढून घेतो आणि वर्षभराने खरवडून टाकून देता येतो. पाहुण्यांना ते ओंगळ दिसते, हे मला मान्य आहे.

जुना माल मातीचा आहे की चुन्याचा, हे ओळखण्यासाठी दर्जेतला तुकडा पाण्यात टाकावा. मातीचा गारा विरघळतो, चुना तसाच राहतो आणि त्यावर सौम्य आम्ल टाकल्यास फसफसतो. सिमेंट आणि वाळूतले शिंपल्यांचे तुकडेही फसफसतात, म्हणून केवळ फसफसण्यावर निर्णय घेऊ नये. गारा मातीचा निघाला तर घाबरण्याचे कारण नाही. आतली माती तशीच ठेवून बाहेरची एक-दीड इंच खोलीची दर्जा चुन्याने भरली की ती भिंत पुन्हा अनेक वर्षे चालते.

चुना बाजारातून भुकटीच्या पिशवीत न घेता कळीचा (भाजलेल्या चुनखडीचे खडे) घ्यावा आणि घरी पाण्यात विरवावा. शुद्ध चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो दगडाचे ५६ किलो कळी चुना उरतो. त्याला पाणी मिळाले की तो विरतो, आणि भिंतीवर गेल्यावर हवेतला तोच वायू परत घेऊन पुन्हा दगड होतो. पिशवीतली जुनी भुकटी बहुधा गोदामातच हवा खाऊन अर्धी दगड झालेली असते, म्हणून ती धरत नाही. विरवताना पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. मिश्रण उकळते आणि उडते, त्यामुळे डोळ्यांना चष्मा हवाच आणि मुले जवळ नकोत. विरलेला चुना पाण्याखाली किमान महिनाभर मुरू द्यावा. पूर्वी तो वाळूबरोबर घाणीत, बैलाने फिरवलेल्या दगडी चाकाखाली, मळला जाई. आज यंत्राची घाणी मिळाली तर उत्तम, नाहीतर चुरून-कुटून मळणे भाग आहे. चुना घट्ट मळायचा असतो. पाणी वाढवून काम सोपे करणाऱ्या गवंड्याचा माल वाळताना फाटतो.

आपल्याकडच्या हवेत निव्वळ चुना फार सावकाश घट्ट होतो, म्हणून त्यात सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या मातीच्या विटेची भुकटी, घालावी. एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू हे प्रमाण दर्जा आणि बाहेरचा गिलावा या दोन्हींसाठी मला समाधानकारक वाटते. वाळू भरड आणि धुतलेली हवी. समुद्राची किंवा खाडीची वाळू कितीही धुतली असे सांगितले तरी घेऊ नये. कालवण्याचे पाणीही चाखून पाहावे, कारण किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि मग मीठ आपणच मालातून भिंतीत भरतो. गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद यांच्या पाण्याबद्दल नेहमी विचारले जाते. त्यांचा उपयोग आहे, पण वाळू खारी आणि चुना जुना असेल तर गुळाने काही साधत नाही.

दर्जा एक इंच तरी खोल मोकळी करावी, आतली धूळ झाडावी, पाण्याचा हबका मारून चिरा ओलावावा आणि माल दाबून दोन थरांत भरावा. दर्जा चिऱ्याच्या पृष्ठभागापासून किंचित आत ठेवावी, चिऱ्यावर माल फासू नये. काम चालू असताना आणि पुढे आठवडाभर वर ओले गोणपाट टांगावे. ज्या चिऱ्यांचा चेहरा दोन इंचांहून जास्त गेला आहे तेवढेच बदलावेत. नवा चिरा पिवळट-पांढऱ्या मातीच्या खिशांशिवायचा निवडावा आणि खाणीतून आल्यावर एक पावसाळा उघड्यावर ठेवून मग वापरावा. शेवटी रंग चुन्याचाच द्यावा, दर दोन-तीन वर्षांनी. प्लास्टिक पेंटच्या एका हाताने वरची सगळी मेहनत वाया जाते.

आता धुराडे. दुकानात ‘चिमणी’ म्हटले की आता विजेवर चालणारे यंत्र दाखवतात, त्यामुळे खरे धुराडे दुरुस्त करणारा गवंडी शोधणे ही मोठीच अडचण आहे, आणि बहुतेक घरमालक शेवटी ‘पाडूनच टाका’ असे म्हणतात. आपल्या न्हाणीघरातली पाणी तापवायची चूल रोज पेटते असे आपण लिहिले आहे, म्हणून ते टिकवणे गरजेचे आहे.

प्रथम ओळंबा लावून झुकाव मोजावा. मी पाळतो तो नियम असा की, उंचीच्या दर फुटाला ३ मिलिमीटरपर्यंत झुकाव असेल तर दर्जा भरून भागते. त्याहून जास्त असेल तर छपरापर्यंत उतरवून पुन्हा बांधावे. आपला झुकाव फुटाला ११ मिलिमीटरच्या घरात जातो, तेव्हा लिंपणे आणि पट्टे आवळणे हे धोक्यावर पांघरूण घालणे होईल. पट्ट्यांचे लोखंड खाऱ्या हवेत गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि विटा आतून फोडतो. झुकण्याची दिशाही पाहावी. समुद्राकडे झुकले असेल तर झडीने त्या अंगाच्या दर्जा धुऊन गेल्या आहेत. समुद्राच्या उलट बाजूला झुकले असेल तर ओल्या अंगाचा माल क्षाराने किंवा आत दडलेल्या सळईच्या गंजाने फुगला आहे, आणि ती सळई शोधून काढल्याशिवाय नवे बांधकामही वाकेल.

उतरवताना परांची स्वतंत्र बांधावी, तिचा भार वाशांवर किंवा धुराड्यावर देऊ नये, आणि विटा एकेक करून खाली द्याव्यात. चुन्यातल्या जुन्या विटा साफ निघतात, त्यांतल्या खणखणीत वाजणाऱ्या पुन्हा वापराव्यात. आत पाकोळ्यांची घरटी असतील तर पिल्ले उडेपर्यंत थांबावे.

खालचा, भिंतीतला भाग उभा राहील. तो धुराने तपासावा. घर रिकामे करून चुलीत नारळाची ओली सोडणे पेटवावीत, धूर वर निघू लागला की वरचे तोंड काही मिनिटे ओल्या गोणपाटाने झाकावे आणि प्रत्येक खोलीत, विशेषतः माळ्यावर, भिंतीतून धूर कुठे झिरपतो ते खडूने खुणावावे. माळ्यावर धूर दिसला तर चूल त्याच दिवशी बंद करावी. तेथे वासे आणि रिपा धुराड्याला टेकलेल्या असतात, आणि वर्षानुवर्षे तापलेले लाकूड कमी उष्णतेतही पेट घेते. लाकूड आणि धुराड्याची बाहेरची बाजू यांच्यात निदान २ इंच मोकळी जागा हवी. ती नसेल तर वासा कापून आडव्या लाकडावर घ्यावा लागेल, आणि हे काम सुताराचे आहे.

झिरपणाऱ्या धुराड्याला आतून अस्तर लागते. जुन्या घरांत ते चुना, वाळू आणि शेणाच्या लिंपणाचे असे. हात पोचतो तेथवर आजही तेच करता येते. हात पोचत नसेल तर भाजलेल्या मातीचे नळ किंवा ३१६ प्रतीचा स्टेनलेस स्टीलचा नळ आत सोडावा. साधे स्टील समुद्राकाठी काजळीच्या आम्लापुढे टिकत नाही. प्रत्येक नळाचे रुंद तोंड वरच्या बाजूला असावे, म्हणजे धुरातले पाणी सांध्यातून बाहेर न जाता आतूनच खाली उतरते. आपल्या भिंतीवरचे तपकिरी डाग याच पाण्याचे आहेत: काजळी हवेतला दमटपणा ओढते, विरघळते आणि विटेतून खोलीच्या बाजूला उतरते. त्यावर कितीही हात रंगाचे दिले तरी डाग परत येतो. तेवढा गिलावा काढून नवा करावा लागतो.

न्हाणीघराच्या छपरातून ॲस्बेस्टॉस सिमेंटचा नळ काढलेला असेल, तर तो करवतीने किंवा ग्राइंडरने कापू नये, त्याचा धुरळा फुप्फुसांना घातक असतो. ओला करून अखंड उतरवावा. आणि या धुराड्याला गॅस गीझर जोडण्याची सूचना कोणी केली तर स्पष्ट नकार द्यावा. अर्धवट तुंबलेल्या धुराड्यातून परतणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

छपरावरचा भाग पुन्हा बांधताना तो कौलांतून बाहेर पडतो तेथून निदान ३ फूट उंच आणि १० फुटांच्या आतल्या आढ्यापेक्षा निदान २ फूट उंच न्यावा, नाहीतर वारा आढ्यावरून खाली वळतो आणि धूर घरात उलटतो. माल तोच चुना-सुरखीचा वापरावा. माथ्यावर चार कोपऱ्यांत विटांचे ठेंगणे खांब उभारून त्यांवर अखंड फरशी ठेवावी, तिच्या कडा चहूबाजूंनी दोन-दोन इंच बाहेर याव्यात आणि खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच असावी. फरशीत सळई असलेले काँक्रीट नको.

बुडाशी होणाऱ्या गळतीचे कारण बहुधा असे असते की कौले आणि वीट यांच्यामधली फट सिमेंटने भरलेली असते. छप्पर उन्हात हलते, धुराडे हलत नाही, आणि सांधा पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. तेथे पत्रा हवा, दोन तुकड्यांत: एक कौलांवर पसरणारा, दुसरा विटेच्या दर्जेत इंचभर खोवून पहिल्यावर सुटा लोंबणारा. जस्ती पत्रा किनाऱ्यावर लवकर गंजतो, ॲल्युमिनियमला ओला चुना आणि सिमेंट खाते; शिसे किंवा तांबे घ्यावे, आणि शिशाचा चुन्यात जाणारा भाग आधी डांबराने रंगवावा. चढाच्या बाजूला, जेथे पाणी आणि पाचोळा अडतो, तेथे पत्र्याचे छोटे दुपाखी बसवून पाणी दोन्हीकडे फोडावे.

धुराड्याचे हे छपरावरचे काम फेब्रुवारीअखेर संपायला हवे, म्हणजे चुन्याला पावसाआधी तीन महिने मिळतात. बांधकाम पुरे झाल्यावर तीन आठवडे चूल पेटवू नये. त्यानंतर पहिले आठ दिवस सुक्या काटक्यांचा लहानसा विस्तव तासभर ठेवावा, आणि बंब भरून पाणी तापवायला नवव्या दिवसापासून सुरुवात करावी.